कोऱ्या नळीतले गोळे

शुक्रवार, १९ जानेवारी १९७९. मुंबईहून आलेलं जाड पाकीट शरच्चंद्र गुप्ते यांनी सकाळी साडेदहाला फोडलं आणि अकराच्या आत ते स्वतः छत्री विसरलेल्या माणसासारखे घाईघाईने शिळफाट्यावर जाऊन पाव किलो पेढे घेऊन आले.

खायला माणसं तीनच होती. रंग बनवणाऱ्या एका कारखान्याने संशोधनासाठी खोपोलीत भाड्याने घेतलेला तो बैठा बंगला. तीन खोल्या, एक मोरी, मागे काटेरी कुंपण. गुप्ते तिथले प्रमुख, वय एकावन्न. त्यांच्या हाताखाली चारुलता फणसे, वय एकतीस, कर्जतहून रोज खोपोलीच्या गाडीने येणारी. तिसरी गौराबाई, काचेची भांडी धुणारी. कुंपणापलीकडचं शेत तिच्याच घरचं, त्यामुळे ती कामावर येताना रस्त्याने न येता कुंपणातल्या वाटेने यायची.

पाकिटात सहा फोटो होते. एका मोठ्या संस्थेतल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढलेले. काळपट भुईवर पांढरे गोळे. गोल, सारखे, एकमेकांना खेटून बसलेले.

"चारू, मोज," गुप्ते म्हणाले. कर्जतच्या शाळेत ते तिच्या वडिलांचे, अप्पांचे, विद्यार्थी होते. तिला ती फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखत होते आणि एकेरीतच हाक मारत होते.

तिने पट्टी आणि भिंग घेऊन मोजलं. दोनशे ऐंशी अँगस्ट्रॉम; अणू-रेणू मोजायचं ते माप. पुढचा गोळा, दोनशे ऐंशी. त्याच्या पुढचा, दोनशे ऐंशी.

"झालं!" गुप्ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. मग पुन्हा उठले.

झालं म्हणजे काय, हे समजायला थोडं मागे जायला हवं. विषाणूचं कवच कोणी बांधत नाही. त्याचे तुकडे पाण्यात मोकळे सोडले की ते आपापले एकमेकांना धरतात आणि बंद कवच तयार होतं. गवंडी नाही, मुकादम नाही. परदेशात हे नळीत करून दाखवलं गेलं होतं, पण विषाणूचेच तुकडे घेऊन. गुप्त्यांना तुकडे स्वतः बनवायचे होते. तीन हातांचा एक रेणू, प्रत्येक हात दुसऱ्याचा हात धरेल असा. अशा रेणूंनी सहा-सहाचे फेर धरले तर सपाट जाळं होतं. बंद गोळा हवा असेल तर बरोबर बारा ठिकाणी पाचांचा फेर पडावा लागतो. फुटबॉलवर काळे ठिपके असतात तेवढे. म्हणजे हात किंचित वाकलेले हवेत. किती वाकलेले, एवढाच प्रश्न होता, आणि त्यात सहा वर्षं गेली होती. आत कधीतरी औषध भरता येईल असा पोकळ गोळा त्यांना हवा होता. आजवरच्या प्रत्येक फोटोत सपाट पातळ पापुद्रे आले होते. चारुलता त्यांना पापड म्हणायची.

आणि आता हे.

"पण सर, आपल्या हिशेबाने साठ रेणूंचा गोळा एकशेनव्वदचा यायला हवा," ती म्हणाली.

गुप्त्यांनी पेढ्याच्या कागदाच्या मागच्या बाजूला आकडेमोड केली. त्यांना वीस मिनिटं लागली. "साठाचा नाहीच हा. एकशेचाळीसांचा आहे. बारा पाचांचे फेर तेच, मधले सहांचे जास्त. येतो दोनशे नव्वद. दहाचा फरक चालतो."

चालतो का? चालत असेल. तिने कागद दोनदा तपासला, गणित बरोबर होतं. बरोबर गणिताने तिची शंका जायला हवी होती. ती गेली नाही.

चोवीस फेब्रुवारीला पुण्यात रसायनशास्त्राच्या लोकांचा मेळावा होता. गुप्ते तिथे वीस मिनिटांचा निबंध वाचणार होते. त्यांचा स्वतःचा एक जुना नियम होता: निबंधाच्या शेवटी, पदार्थ ज्याने हाताने केला त्याने एक ओळ लिहून सही करायची. 'वर दिलेल्या रेणूखेरीज या पदार्थात दुसरं काहीही नाही.' सहा वर्षांत ती ओळ लिहायची वेळ आली नव्हती. पदार्थ चारुलताने केला होता. सही तिची लागणार होती.

पेढा हातात धरून गौराबाईने फोटो लांबूनच पाहिला. "येवढ्या साबुदान्यासाठी पेढं?"

"हे साबुदाण्यापेक्षा लाखपटीने लहान आहेत, गौराबाई."

"मंग तर पेढा बी जास्तच झाला," ती म्हणाली आणि तो पदराला बांधला.

पुढचे पाच दिवस चारुलताने वह्या उपसल्या. ऑगस्टपासून अकरा नमुने गेले होते. सगळे एकाच पद्धतीने केलेले, तेच वजन, तेच पाणी, तेच तापमान. पहिल्या सातांत पापड. बारा डिसेंबरनंतरच्या चारांपैकी तीनांत गोळे. बारा डिसेंबरला काय झालं? तिने त्या दिवसाचं पान तीनदा वाचलं. काहीच झालं नव्हतं. त्या दिवशी तिने नोंदलं होतं: 'हवा थंड. गाडी अकरा मिनिटं उशिरा.' थंडीने गोळे होतात का? मग चौथ्यात का नाहीत?

गुरुवारी, पंचवीस तारखेला, मुंबईहून एक उशिराचा फोटो आला. जानेवारीच्या नमुन्यांबरोबर तिने एक कोरी नळीही पाठवली होती, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याची, तुलनेसाठी. त्यावर 'को' असं लिहिलं होतं. फोटोच्या मागे पेन्सिलीने 'को' होतं.

फोटोत गोळे होते. दोनशे ऐंशी.

गुप्त्यांनी तो पाहिला आणि परत दिला. "चिठ्ठ्या बदलल्यास तू."

"मी?"

"संध्याकाळची गाडी पकडायची असते, घाई होते. होतं असं. मी तुला रागावत नाहीये."

रागावले असते तर बरं झालं असतं. तिला ती संध्याकाळ आठवेना. चिठ्ठ्या लावताना बसली होती की उभी? डिंक ओला होता का? नमुन्याची नळी डावीकडे ठेवते ती नेहमी, कोरी उजवीकडे. नेहमी. पण त्या दिवशी? जितकं आठवायचा प्रयत्न करावा तितकी ती संध्याकाळ दुसऱ्या शंभर संध्याकाळींसारखी दिसायला लागली. आणि चिठ्ठ्या बदलल्या असतील, तर नमुन्याच्या नळीत कोरं पाणी निघायला हवं होतं. त्या नळीच्या फोटोतही गोळेच होते. हे तिने गुप्त्यांना सांगितलं.

"मग मुंबईवाल्यांनी बदलल्या," ते म्हणाले.

शनिवारी गौराबाईकडे पोपटी होती. वालाच्या शेंगा भरल्या की त्या भागात संध्याकाळी शेताशेतातून धूर निघतो. साहेबांचं काम झालं म्हणून या वर्षीची पोपटी साहेबांच्या नावाची, असं गौराबाईच्या नवऱ्याने, नामाने, सांगून टाकलं होतं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरलेला, त्यावर शेंगा, बटाटे, मीठ-ओवा, मधोमध पाल्यात गुंडाळलेली कोंबडी, वर पुन्हा पाला गच्च. मडकं शेतातच उपडं घालून नामाने भोवती पेंढा आणि गोवऱ्या रचल्या आणि पेटवल्या. सूर्य मावळायला थोडा वेळ होता.

"सायेब, गावठी हाय बरं का," नामा म्हणाला. "कारखान्याची नाय."

"कारखान्यात कोंबड्या कुठे करतात रे?"

"तुमी गोळं केलं, कोनी कोंबड्या बी करल. काय भरवसा?"

गुप्ते खूप हसले. पंधरा दिवसांत चारुलताने त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. ते नामाला पाचांच्या आणि सहांच्या फेरांबद्दल सांगायला लागले, जमिनीवर काडीने काढून दाखवायला लागले. नामा मान डोलावत होता आणि एक डोळा मडक्यावर ठेवून होता.

"हलवू नका वो काठीनं," गौराबाई नवऱ्यावर ओरडली. "मागल्या वरसाला असंच फोडलंत. सायबांपुढं नाक कापाल."

"बग, बग, सायबांपुढंच माजं नाक कापते," नामा म्हणाला.

चारुलता बांधावर बसली होती. तिच्या शेजारी उकिडवी बसून गौराबाई कंदील तयार करत होती. काच काढली, पाण्याने विसळली, फडक्याने पुसली. मग हात लांब करून वालाच्या वेलाची चार-पाच पानं ओरबाडली, तळव्यावर चुरगाळली आणि तो ओला हिरवा बोळा काचेच्या आतून गरागरा फिरवला. वर कोरडं फडकं. काच लख्ख झाली.

"हे कशाला?" चारुलताने विचारलं. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"वालाचं पान खरबरीत असतं, बाय. काजळी वडून घेतं आन् काचंला वरखडा नाय पडत. माजी आय बी असंच करायची." गौराबाईने काच उजेडात धरली. "तुमच्या नळ्या बी अशाच पुसते की मी."

चारुलता तिच्याकडे वळून बसली.

"तुमचा तो बुरूस फेकून दिला मी. दिवाळीच्या टायमाला सायेब वरडलं नव्हतं का, नळीला वरखडा दिसला म्हनून? काचंला वरखडा नको, वरखडा असला की समदं बिघडतं, असं म्हनले. मंग मी म्हटलं, शेतात वाल उगवू दे. पानं मोठी झाली तवापासून पानानंच पुसते. धुवायचं, सुकवायचं, शेवटला हात पानाचा. एक बी वरखडा दावा."

"कधी मोठी झाली पानं?"

"भात काडलं, मंग वाल टाकला. मार्गशीर्षात झाली की मोठी."

मार्गशीर्ष. डिसेंबर. चारुलताने समोरच्या वेलाचं एक पान खुडून मावळत्या उजेडाकडे धरलं. हिरव्यात पिवळट ठिपके, ठिपक्यांच्या मध्ये हिरव्या शिरा, कडा किंचित आखडलेल्या.

"हे असं का झालंय?"

"चितरा लागलाय औंदा. समद्या शिळफाट्यापातूर हाय. शेंगा कमी येतात, मरत नाय."

मडकं उघडलं तेव्हा वाफेबरोबर ओव्याचा वास आला. गुप्त्यांनी तिच्या पानावर शेंगा वाढल्या आणि म्हणाले, "खा, चारू. तुझ्या हातचं काम आहे हे." ती शेंगा सोलत राहिली. पानावरचा चितरा विषाणूचा असेल, आणि विषाणू गोल असेल, तर तिने फोटोत मोजलेलं कवच कोणाचं होतं? गुप्त्यांनी सहा वर्षं विषाणूसारखा गोळा करायचा प्रयत्न केला होता. नळीत विषाणूच असेल तर तो विषाणूसारखा दिसणारच. पण चितरा मावा किडीमुळेही पडतो, मातीत काही कमी असलं तरी पडतो, असंही तिने कुठेतरी वाचलं होतं. आणि आपण नळी वापरण्याआधी पाण्याने विसळतो. एकदा विसळतो. एकदा पुरतं का?

त्या रविवारी तिने तीन गोष्टी केल्या. कोकणातल्या एका शेतकी कॉलेजात शिकवणारी मैत्रीण, विमल, हिला पत्र लिहिलं. नव्या नळ्यांचा एक डबा फोडला, त्या तीव्र आम्लात उकळल्या, कोणालाही हात लावू न देता स्वतः धुतल्या आणि पुन्हा तोच पदार्थ करून मुंबईला पाठवायला ठेवला. आणि कर्जतच्या घरी, मागल्या अंगणात, बारा डालडाच्या डब्यांत वाल पेरला. बियाणं गौराबाईकडूनच आणलं होतं. वर जुन्या मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलं, किडे नकोत म्हणून.

विमलचं कार्ड शुक्रवारी आलं. बारीक अक्षरात, पत्त्याच्या बाजूवरही लिहिलेलं. 'पानावर अगदी बारीक पॉलिशची पूड भुरभुर, म्हणजे सूक्ष्म ओरखडे पडतील. मग तुझं द्रावण बोटाने हलकेच चोळ. दहा-बारा दिवस थांब. विषाणू असला तर पान सांगेल. तुमच्या रेणूंनी पानाला काहीही होणार नाही. त्यांना जीव नाही, त्यांना वाढता येत नाही. एवढा एकच फरक आहे दोघांत, पण तो पुरेसा आहे. जाता जाता: तू अजून लग्नाच्या फोटोचं उत्तर दिलं नाहीस.'

बुधवारी, सात फेब्रुवारीला, कामावर जायच्या आधी तिने चार रोपांवर गोळ्यांचा नमुना चोळला, चारांवर नव्या नळीतलं स्वच्छ पाणी, आणि चारांना हात लावला नाही. डब्यांवर 'न', 'पा' आणि उरलेल्या चारांवर काही नाही.

अप्पा ओट्यावरून बघत होते. "निबंधात रसायनं आहेत ना? मग हा वाल कुठून आला?"

"तेच शोधतेय, अप्पा."

"शरद हुशार होता. पण उत्तर आधी लिहून मग गणित करायचा. पेपर तपासताना मला कळायचं."

गुप्त्यांना तिने बारा तारखेला, सोमवारी, सांगितलं. पानाचं, कंदिलाचं, चितऱ्याचं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मोरीकडे पाहिलं, जिथे गौराबाई बादली घासत होती.

"तिला काढायला हवी."

"ओरखडा नको, असं तुम्हीच सांगितलं होतं, सर."

"वालाची पानं घाल, असं नव्हतं सांगितलं."

"काय घाल, ते कोणीच नव्हतं सांगितलं."

ते खिडकीकडे गेले. "समजा, पानाचा अंश नळीत राहिला. समजा. म्हणून गोळे आपले नाहीत कशावरून? कदाचित आपल्या रेणूला तेवढाच आधार हवा असेल. दह्याला विरजण लागतं तसा. कोऱ्या नळीत पदार्थाचा अंश गेला असेल. गौराबाईच्या त्याच फडक्याने!"

हेही होऊ शकत होतं. फडकं एकच होतं. त्या फडक्याने नमुन्याच्या नळीतला रेणू कोऱ्या नळीत आणि वालाचा रस दोन्हींत नेला असेल, तर कोणत्या गोळ्यात कोण आहे, हे कसं सांगायचं? रात्रीपर्यंत चारुलता या विचारात राहिली, आणि सकाळी उठली तेव्हा विचार जिथल्या तिथे होता.

दुपारी तिने गौराबाईला सांगितलं की यापुढे नळ्या पानाने पुसायच्या नाहीत. गौराबाई हातातलं फडकं पिळत उभी राहिली.

"म्हंजे दोन म्हयने मी चुकीचं करत होते आन् कोनी बोललं नाय?"

"चुकीचं होतं की नाही, ते अजून कळलेलं नाही."

"मंग नको का म्हनता?"

चारुलताने तिच्या हातातलं फडकं मागून घेतलं.

एकोणीस फेब्रुवारीला सकाळी अंगणात पानं बोलली. नमुना चोळलेल्या चार रोपांपैकी तीनांवर पिवळे ठिपके. हात न लावलेल्या चारांवर काही नाही. ती क्षणभर मोकळी झाली. वाईट बातमी का असेना, स्पष्ट होती. मग तिने मधल्या ओळीतलं शेवटचं झाड पाहिलं. डब्यावर पा होतं. स्वच्छ पाणी. त्याच्याही दोन पानांवर ठिपके होते, अगदी तसेच.

"अप्पा, या रोपांना कोणी हात लावला होता?"

"मी," अप्पा म्हणाले. "दहा तारखेला, शनिवारी, वाकली होती बिचारी. काड्या लावून बांधली. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मच्छरदाणी परत नीट लावली की."

"सगळ्या रोपांना?"

"पहिल्या दोन ओळी बांधल्या आणि सुतळी संपली."

म्हणजे अप्पांच्या बोटांवरून गेलं असेल. किंवा बियाण्यातूनच आलं असेल, कारण बियाणं चितऱ्याच्या शेतातलं होतं, आणि ते तिने स्वतःच मागून आणलं होतं. ते आठवून ती ओट्यावर बसली. बाजारात वालाचं बियाणं पाच दुकानांत मिळत होतं. तिला गौराबाईकडूनच का घ्यावंसं वाटलं? सहज मिळालं म्हणून. कंदिलाच्या काचेला पानही सहजच मिळालं होतं.

गुप्त्यांनी अपेक्षेप्रमाणे त्यावरच बोट ठेवलं. "चारांपैकी एक पाण्यानेही आजारी पडलं. मग तुझ्या परीक्षेने काय सिद्ध होतं?"

"तीन आणि एक, सर. तीन जास्त आहेत."

"चारांत तीन आणि चारांत एक. एवढ्यावर तू माझी सहा वर्षं मोरीत ओतणार?"

"माझीही आहेत," ती म्हणाली.

गुरुवारी, बावीस तारखेला, शेवटचं पाकीट आलं. आम्लात उकळलेल्या नव्या नळ्यांतला नमुना. चारुलताने ते गुप्त्यांच्या टेबलावर न ठेवता खिडकीत उभं राहून उघडलं. आठ फोटो. दोनशे ऐंशीचा एकही गोळा नव्हता. पापड, पापड, पापड. आठव्या फोटोत एका कोपऱ्यात, पापुद्र्याच्या कडेला, तीन गोल काहीतरी. तिने भिंग लावलं. एक एकशेनव्वद. एक एकशेपंच्याऐंशी. तिसरा एका बाजूने फुटलेला, मोजता न येणारा. हा तर त्यांचा पहिला हिशेब होता, पेढ्याच्या कागदाच्या आधीचा. की धूळ होती? फोटोच्या मागे मुंबईच्या माणसाने लिहिलं होतं, 'गोल कण ३. कचरा असू शकेल.'

गुप्त्यांनी तो फोटो उजेडात धरला आणि मोजून म्हणाले, "तीन." मग बॅगेत निबंध घातला, पहिल्या पाकिटातले सहा फोटो घातले, आणि शेवटचं पान तिच्याकडे दिलं. "सही उद्या सकाळी स्टेशनवर दे. विचार कर."

शुक्रवारी सकाळी कर्जतला पुण्याची गाडी आली. घाट चढायला मागून ढकलणारी इंजिनं जोडायची असतात म्हणून गाडी तिथे थांबतेच. गुप्ते खिडकीजवळ बसले होते. चारुलता बाहेर फलाटावर, हातात ते पान. ओळ तिने लिहिली नव्हती.

"किती वेळ आहे?" गुप्त्यांनी विचारलं.

"सात-आठ मिनिटं."

"मग सांग. गोळे आपले आहेत की नाहीत? हो किंवा नाही."

"दोनशे ऐंशीचे बहुतेक नाहीत. एकशेनव्वदचे कदाचित असतील. मला माहीत नाही, सर."

"बहुतेक. कदाचित. माहीत नाही." त्यांनी एकेक शब्द बोटावर मोजला. "दोनशे लोकांपुढे उभं राहून हे म्हणू? वीस मिनिटं?"

"वीस लागणार नाहीत. पाच मिनिटांत होईल."

शेजारच्या बाकावरचा गृहस्थ वर्तमानपत्राच्या आडून ऐकत होता आणि आता त्याने वर्तमानपत्र खाली केलं.

"तुझे वडील मला एकदा म्हणाले होते," गुप्ते म्हणाले, आणि पुढचं बोललेच नाहीत. त्यांनी बॅगेतून निबंध काढला, मांडीवर ठेवला, पेनचं टोपण दातात धरलं आणि शीर्षक खोडलं. पहिलं पान वाचलं, त्यात चार ठिकाणी रेघा मारल्या. दुसऱ्या पानावर जास्त. एकशेचाळीसांचं सगळं गणित एका मोठ्या फुलीने गेलं. मागे कुठेतरी इंजिनाची शिटी वाजली.

"ते पान दे," ते म्हणाले.

तिने दिलं. त्यांनी त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि खिडकीतून परत तिच्याकडे धरलं. 'या पदार्थात दोन प्रकारचे गोळे आढळले. मोठे गोळे वालाच्या पानावरील विषाणूचे असण्याची शक्यता आहे. लहान गोळे, संख्या तीन, आमच्या रेणूचे आहेत किंवा नाहीत, हे आम्हाला सांगता येत नाही.'

"आता करशील?"

तिने ओळी दोनदा वाचल्या. 'आम्हाला' हा शब्द तिसऱ्यांदा वाचला. खिडकीच्या लाकडावर पान टेकवलं आणि त्यांचं पेन घेतलं. त्याच वेळी मागून इंजिनाचा धक्का बसला. डबा हलला आणि फणसेमधला ण लांब ओढला गेला. तिने तो तसाच ठेवून सही पुरी केली आणि पान आत दिलं.

गाडी सुटली. गुप्त्यांनी हात केला नाही. ते पुन्हा वाचायला लागले होते आणि हातात पेन होतं. आणखी काही खोडत होते, की खोडलेलं परत लिहीत होते, ते फलाटावरून दिसलं नाही. पळसदरीच्या वळणाकडे शेवटचा डबा आणि त्याला लागलेली इंजिनं गेली, तोवर ती उभी होती. ते उद्या नक्की काय वाचणार, हे तिला सोमवारी कळणार होतं. खोपोलीची गाडी सुटायला चौदा मिनिटं होती. एकशेनव्वदचे गोळे पुन्हा करून बघायचे तर आम्ल आणायला लागणार, शिवाय रेणूचा हात अंशभर जास्त वाकवायचा की कमी, हे आधी ठरवायला हवं. जास्त, असं तिला पुलावर चढताना वाटलं. उतरताना वाटलं, कमी.